पाकपात्रातील इतिहास : पेडणे व डिचोली महालांतील जुन्या पाककृती

इतिहास म्हटला म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरे ह्यांकडे आपली दृष्टी वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या साधनाला घरातील हात रोज लागतो, त्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. ते साधन म्हणजे स्वयंपाकघरातील पाककृती होय. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणपुत्र भृगूला ब्रह्माची पहिली ओळख पटते ती अन्नाच्या रूपाने. प्राण, मन, विज्ञान व आनंद ही पुढची पावले होत. ऋषींनी जिला पहिली पायरी मानिले, तिचा इतिहास पाहणे शास्त्राभ्यासी माणसास कमीपणाचे वाटावे असे नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सुमारे १९४० ते १९६५ ह्या पाव शतकात, गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली महालांतील हिंदू घरांतून जे शाकाहारी व नैवेद्याचे पदार्थ शिजत, ते त्याच जिनसांनी व त्याच रीतीने पुन्हा शिजवू लागले असता कोणता इतिहास हाती येतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या स्वयंपाकघराला पूर्वापार दोन दारे होती. एका दाराने परदेशातून आलेली नवी जिन्नस आत घेतली जाई. दुसरे दार श्राद्धाच्या व नैवेद्याच्या वेळी बंद केले जाई. ह्या दोन्ही दारांची खूण पाककृतीत शिल्लक राहिली आहे. जो सर्वच प्राचीन म्हणतो तोही चुकतो, आणि जो सर्वच पोर्तुगीजांची देणगी म्हणतो तोही चुकतो.

हेच पाव शतक का निवडले, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. मराठीत पाकशास्त्रावरचे ग्रंथ छापले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली. सारस्वत घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत प्रसिद्ध केलेली अंबाबाई सांशी ह्यांची ‘रसचंद्रिका’. त्यातील रीती प्रामुख्याने चित्रापूर सारस्वतांच्या आहेत. तथापि नारळ, आमसूल, तिरफळ, अळू, हळदीची पाने ही सामग्री गोव्यातील घरास अगदी ओळखीची आहे. ग्रंथ ज्या वर्षी निघाला तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडील तांदूळ येणे थांबले होते, आणि १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. धान्य मोजून मिळू लागले त्याच वर्षी समाजातील स्त्रियांनी आपल्या रांधण्याची विद्या कागदावर उतरविली.

छापील ग्रंथांच्या जोडीला हाताने लिहिलेल्या वह्या येतात. आपल्याकडील स्त्रिया घरात कोंकणी बोलत आणि लिहीत मात्र मराठीत. कारण पंतोजींच्या शाळेत अक्षरओळख मराठीतून झालेली असे. म्हणून अशा लेखनात वाक्य मराठी व जिनसांची नावे कोंकणी असा सुंदर मिलाफ आढळतो. ‘तेफळां’ व ‘तिरफळे’, ‘भिरणां’ व ‘रातांबे’, ‘तवशें’ व ‘काकडी’ एकमेकांशेजारी सुखाने नांदतात. क्रियापदे मात्र फार थोडी असतात. ‘बेताने’, ‘अंदाजाने’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द वारंवार येतात. लिहिणारीस जे हाताने ठाऊक होते ते तिने लिहिले नाही, आणि हेच आज आपल्यापुढील खरे कोडे आहे.

पहिली अडचण मापांची. १९५६ सालच्या कायद्यानंतर भारतात १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली. तत्पूर्वीचे लेखन शेर, पावशेर व तोळे ह्यांत आहे. परंतु शेर एक नव्हता. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणून त्याचा चाळिसावा भाग जो शेर, तो सुमारे ३१८ ग्रॅमच होतो. नोकरीनिमित्त मुंबईस राहून सणावाराला पेडण्यास येणाऱ्या कुटुंबातील स्त्रीने ‘एक शेर गूळ’ लिहिले असेल, तर तो कोणता, ह्यावर पदार्थाचे सर्वस्व अवलंबून आहे. कारण दोहोंत जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. ह्याचा निर्णय कोणत्याही कोशात मिळणार नाही. त्याच कृतीत नारळ किती व डाळ किती हे पाहून, शिजवून व चाखूनच तो करावा लागतो. जुनी पाककृती वाचणे म्हणजे ती रांधणे, असे आम्ही म्हणतो ते ह्याच अर्थाने.

आता ह्या दोन महालांचा इतिहास थोडक्यात पाहू. तिसवाडी, बारदेस व साष्टी ह्या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेल्या. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेले. ह्या नव्या काबिजादींत धर्माचारात हात घालण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी सोडून दिले होते. त्यापूर्वी, ज्या काळी जुन्या काबिजादींत देवालये पाडली जात होती, त्या काळी डिचोलीसारखा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर असल्याने आश्रयस्थान ठरला. कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटीश्वर दिवाडी बेटावरून डिचोली महालातील नार्वे येथे आले, आणि १६६८ साली श्रीशिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, हे सर्वश्रुत आहे. देव नदी ओलांडून आले, त्यांबरोबर त्यांचे नैवेद्यही आले.

राज्यकर्त्यांनी पाकाकडे किती बारकाईने पाहिले होते, ह्याचे प्रमाण इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या जाहीरनाम्यात आहे. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांनी १९६१ साली गोव्यातील इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहून ह्या विषयाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. धर्मांतरितांनी हिंदूंचे आचार पाळू नयेत म्हणून ह्या जाहीरनाम्यात जी लांबलचक यादी दिली, तीत अंगणातील तुळशीबरोबरच मीठ न घालता भात शिजविणे हेही निषिद्ध ठरविले आहे. भातात मीठ शिजतानाच घालावयाचे की पानात वाढावयाचे, एवढ्याशा गोष्टीवरून माणसाचा धर्म ओळखला जात होता. नैवेद्याचा भात आपण अळणीच शिजवितो. ती साधी रीत पाळल्याबद्दल एके काळी, पाच-सहा कोसांवर, शिक्षेचे भय होते. ज्यांनी धर्म बदलला त्यांनीही पुष्कळ रीती सोडल्या नाहीत. हळदीच्या पानात गूळ-खोबऱ्याच्या पातोळ्या आपल्याकडे श्रावणात नागपंचमीस होतात, आणि ख्रिस्ती बांधवांकडे १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्तास होतात. पान एकच, वाफही एकच.

आता प्रत्यक्ष पाकाकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा हा ह्या सोमेश्वराच्या भगिनीचा पती; तेव्हा त्या पाकशाळेचा व गोव्याच्या राजगृहाचा संबंध दूरचा नव्हे. तेथे मंडक, पोलिका, वटक, इडरिका हे पदार्थ आहेत. मिरी, आले, हिंग, जिरे, मोहरी आहेत. मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. असणार तरी कसे? ही सर्व अमेरिका खंडातील रोपे. ती सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज गलबतांच्या वाटेने आली. काजू, अननस, पपई, पेरू, रताळे, मका, भुईमूग व लाल भोपळा हीही त्याच खंडातील.

हे ध्यानी धरून चतुर्थीस वा लग्नकार्यात होणारे खतखते पाहावे. त्या एका भांड्यात इतिहासाचे थर लागलेले दिसतात. तूरडाळ, मुळा, सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, नारळ, तिरफळ व आमसूल हा जुना थर. रताळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळा व वाळलेली मिरची हा सोळाव्या शतकानंतरचा थर. बटाटा आला तो त्याहून पुष्कळ उशिरा. कांदा-लसूण कोणत्याही थरात नाही, म्हणून हे नैवेद्यास चालते.

त्याची रीत अशी. चार-पाच माणसांस एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घ्यावी. वरील भाज्यांचे मोठे तुकडे, सर्व मिळून पाच-सहा वाट्या, घ्यावेत. सुरणासारखी शिजण्यास कठीण भाजी आधी घालावी, भोपळा शेवटी. अर्धा नारळ खवून, चार-पाच वाळलेल्या मिरच्या व हळकुंडाचा लहान तुकडा ह्यांसह पाट्यावर गंधासारखा वाटावा. आठ-दहा तिरफळे बिया काढून, किंचित ठेचून थोड्या पाण्यात भिजवावीत. डाळ, भाज्या व वाटण एकत्र करून तिरफळाचे पाणी, मीठ व सुपारीएवढा गूळ घालावा. एक उकळी आल्यावर चार-पाच आमसुले टाकावीत, वरून चमचाभर खोबरेल तेल सोडावे व झाकण ठेवावे. मिरचीऐवजी दहा-बारा मिरी वाटून घातली आणि नव्या भाज्या वगळल्या, म्हणजे चवीत काय अंतर पडते ते लगेच कळते. मिरीचे तिखट घशाशी उशिरा जाणवते आणि तिरफळाचा वास पुढे येतो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या गोमंतकीय जेवणाची जवळची कल्पना अशा प्रयोगानेच येऊ शकते.

पुष्कळ घरांत श्राद्धाच्या पाकात मिरची, बटाटा, टोमॅटो व कोबी आजही चालत नाहीत. ‘पितरांना ते ठाऊक नव्हते’ असे म्हातारी माणसे सांगतात. हे उत्तर भाबडे वाटले तरी इतिहासदृष्ट्या अगदी बिनचूक आहे. लाल भोपळा मात्र कोहळ्याच्या नात्याने पुष्कळ ठिकाणी ह्या पानातही शिरला. उलट एकादशीचे पान पाहावे: साबूदाणा, बटाटा, रताळे, भुईमूग, हिरवी मिरची! उपवासात वर्ज्य ते धान्य, आणि ही नवी कंदमुळे धान्यांच्या जुन्या यादीत नव्हती. म्हणून ती फराळात आली असावीत, असे आम्हांस वाटते. एकाच घरात, एकाच पंधरवड्यात, एक दार उघडे व एक बंद राहते. ह्यात विसंगती नाही. नवे घ्यावे, पण कोणत्या पानात घ्यावे ह्याचा विचार करावा, असा तो विवेक आहे. उघड्या दाराने आलेली जिन्नस पुढे भूमिपुत्र होते, ह्याचेही उदाहरण पेडण्यातच आहे. हरमलची मिरची ह्या किनाऱ्याच्या मातीत अशी रुळली की २०२१ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. त्याच वर्षी ते गोव्याच्या खाज्यालाही मिळाले. चण्याचे पीठ, गूळ व आले ह्यांचे हे जत्रेतील खाजे. त्यात अमेरिकेतील एकही जिन्नस नाही. दोन्ही आज सारख्याच मानाने आपली आहेत.

मणगण्याची कथा ह्याहून जवळच्या काळातील आहे. एक वाटी चणाडाळ, पाव वाटी साबूदाणा, दीड वाटी गूळ, एका नारळाचा रस, मूठभर काजू व वेलची, असा हा गोड पदार्थ. डाळ नारळाच्या दुसऱ्या, पातळ रसात शिजवावी. भिजलेला साबूदाणा पारदर्शक झाला की गूळ घालावा. पहिला दाट रस उतरविताना घालावा, नाहीतर तो फुटतो. ह्यातील साबूदाणा पूर्वी पूर्वेकडील बेटांतून समुद्रमार्गे येई. महायुद्धात ती वाट बंद झाली, आणि १९४० नंतरच्या दशकात तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओका कंदापासून तो होऊ लागला. हा कंदही मूळचा अमेरिकेतलाच. म्हणजे १९३० च्या व १९५० च्या मणगण्यात नाव तेच, पण दाणा वेगळ्या वनस्पतीचा असण्याचा संभव आहे! पाककृतीचा शब्द जसाच्या तसा राहून अर्थ बदलतो, हे ग्रंथांचे पाठभेद पाहणाऱ्यास नवल वाटण्यासारखे नाही.

१९५५ सालाने मात्र सर्वच चुलींची परीक्षा पाहिली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन कित्येकांनी देह ठेविले. त्यानंतर सरहद्द बंद झाली, भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी कडक केली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ती राहिली. घाटावरून, बेळगावच्या बाजूने, येणारा भाजीपाला थांबला. बटाटे हॉलंडहून, तांदूळ व भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून आगबोटीने येऊ लागला. सावंतवाडीकडील सोयऱ्याधायऱ्यांशी एका दिवसाच्या वाटेने जोडलेल्या पेडण्यास ह्याची झळ विशेष लागली. बाहेरचे जिन्नस दुर्मीळ वा महाग झाले म्हणजे घराभोवतीचे अळू, सुरण, फणस, नीरफणस, केळफूल व डोंगरावरची पावसाळी भाजी हाच आधार असतो. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, फणसाच्या आठिळ्यांची भाजी, आंबाड्यांचे रायते, हे पदार्थ ‘गरिबीचे’ म्हणून पुढे मागे पडले. परंतु सत्त्वपरीक्षेच्या काळात मनुष्यास तारण्याची शक्ती त्यांतच असते, हे विसरता कामा नये.

ह्या पेजेचा तांदूळही आता सहज मिळत नाही. शापोरा व तेरेखोल नद्यांच्या काठच्या खाजन शेतांत, बांध घालून भरतीचे पाणी आवरलेल्या जमिनीत, खारे पाणी सोसणारा कोरगूट भात पिकत असे. बांधांची निगा सर्व गावाने मिळून राखावयाची. बांध फुटला की शेत गेले. डिचोली महालात १९५० नंतरच्या दशकांत लोहखनिजाच्या खाणी वाढल्या आणि त्यांचा गाळ अनेक ठिकाणी भातशेतांत उतरला. कृती वहीत राहिली, पण तिचा तांदूळ शेतातून गेला, तर ती कृती म्हणजे अर्थ हरवलेला शब्द होय.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपण ह्या पाकाला सोवळ्याचा म्हणतो. परंतु त्यातील मीठ पेडणे महालातील आगरवाड्यासारख्या गावच्या मिठागरांत उन्हात राबणाऱ्यांनी पिकविले, मडकी डिचोलीच्या कुंभारांनी घडविली, भात कुळांनी लावला व नारळ पाडेल्यांनी उतरविला. ह्यांतील पुष्कळांना त्या काळी पंक्तीत स्थान नव्हते. इतिहास लिहावयाचा तर हेही लिहिले पाहिजे. जुनी कृती जपावी. जुना पंक्तिभेद जपू नये. अन्न हे ब्रह्म असेल तर ते वाढताना पान पाहून वाढता येणार नाही.

ह्या विद्येच्या जतनाचे काम थोर विद्वानांनी आरंभिले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ पंडिताने तंजावरच्या मराठी राजघराण्याच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी अशा ग्रंथांतील एकेका पदार्थाचा माग काढून भोजनाचा इतिहास हा संशोधनाचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. परंतु पंडितास ग्रंथ सापडतो; चूल सापडत नाही. आपल्या दोन महालांची पाकविद्या बहुतांशी ग्रंथात नाहीच. ती वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांत आहे, आणि ते हात फार काळ उरणार नाहीत.

म्हणून शिष्यवर्गास विनंती एवढीच की, घरात जुनी वही असेल तर ती प्रथम जशी आहे तशी नकलून घ्यावी. शब्द सुधारू नयेत. मग ती कृती एकदा लिहिल्याबरहुकूम करावी. करताना वाटीत किती मावते ते तोलावे, भांडे मातीचे की तांब्याचे ते नोंदवावे, आणि पदार्थ कोणत्या तिथीस, कोणत्या देवास व कोणासाठी होत असे ते विचारावे. जे ‘बेताने’ म्हणून लिहिले आहे तेथे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस जवळ बसवून तिची मूठ मोजावी. जिन्नस पालटली असेल तर कधी व का पालटली तेही लिहावे. त्यात लाज नाही, तोच इतिहास आहे. येत्या चतुर्थीच्या खतखत्यापुरते जरी एकेका घराने हे केले, तरी दोन महालांच्या इतिहासाची काही पाने नष्ट होण्यापासून वाचतील. इत्यलम्.